सोळाव्या वर्षी दात तासून घेण्याआधी हे वाचा: कमजोर इनॅमलवर कोणकोणते उपाय असतात

गेल्या उन्हाळ्यात मामाचा फोन आला. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, जरा बघून सांग ना, हे व्हेनिअर म्हणजे काय असतं?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एका दवाखान्याने दिलेल्या एस्टिमेटचा फोटो. माझी मामेबहीण तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. वरच्या दोन पटाशीच्या दातांवर पिवळट-पांढरे डाग, मागच्या दोन दाढा खडबडीत आणि कोपऱ्याला तुटलेल्या, थंड पाणी प्यायलं की कळ थेट डोक्यात. एस्टिमेटवर लिहिलं होतं: वरचे सहा दात, व्हेनिअर. खाली ईएमआयची सोय आहे, असंही. ज्या दाढा दुखत होत्या त्यांच्याबद्दल कागदावर एक शब्द नव्हता, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

मी डेंटिस्ट नाही, कोड लिहितो. त्यामुळे तुमच्या दाताला नेमकं काय करायचं हे मी सांगणार नाही, ते दात बघूनच ठरतं. पण हे उपाय काम कसे करतात, कोणता उपाय नंतर मागे घेता येतो आणि कोणता नाही, हे समजून घेता येतं. खुर्चीत आडवं झाल्यावर तोंडात नळी असताना प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून आधीच वाचून जा.

इनॅमल परत उगवत नाही

दाताचं सगळ्यात बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, ज्याला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. दाढेच्या उंचवट्यावर ते जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर जाड असतं. हिरडीजवळ तर अगदी पातळ होत जातं.

हे कवच बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांना ॲमेलोब्लास्ट म्हणतात. दात हिरडीच्या आत असताना त्या काम करतात आणि दात बाहेर येताना नाहीशा होतात. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडलं तर जुळतं, कारण तिथे दुरुस्ती करणाऱ्या पेशी जिवंत असतात. इनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपर टीम प्रॉडक्ट रिलीज करून निघून गेली, सोर्स कोड कुणाकडेच नाही.

मग "इनॅमल पुन्हा वाढवा" असं लिहिलेल्या पेस्ट काय करतात? एक गोष्ट खरंच होते. आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज बाहेर पडायला लागतं, पीएच वर आला की लाळेतलं खनिज परत आत बसतं. ही देवाणघेवाण रोज, प्रत्येक खाण्याबरोबर चालू असते. फ्लोराइड असेल तर परत बसणारा स्फटिक जास्त टणक असतो, तो विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास जावा लागतो. म्हणजे जी भिंत उभी आहे तिच्या विटांमधल्या फटी बुजवता येतात. पडलेली भिंत मात्र पेस्टने उभी राहत नाही.

पुढचा प्रत्येक उपाय वाचताना हे डोक्यात ठेवा. ड्रिलने काढलेलं इनॅमल कायमचं गेलं, तिथे अनडू नाही.

"कमजोर" म्हणजे नक्की काय झालंय?

आमच्याकडे बग आला की पहिला प्रश्न असतो, रिप्रोड्यूस कसा होतो? इथेही तसंच. "इनॅमल कमजोर आहे" हे निदान नाही, ते लक्षण आहे. त्याच्यामागे चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

मामेबहिणीच्या बाबतीत जे निघालं त्याला एमआयएच म्हणतात, लांबलचक नाव मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. मोलर म्हणजे दाढ, इन्सायझर म्हणजे पटाशीचा दात. सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे दात यांचं इनॅमल तयार होताना, म्हणजे जन्माच्या आसपासपासून पहिल्या तीनेक वर्षांत, खनिज नीट भरलं जात नाही. थर पुरेसा जाड असतो, पण आतून खडूसारखा सच्छिद्र. लहानपणीचे आजार, मोठे ताप यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, पण एकच एक कारण असं नाही. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी काढली तर साधारण १३-१४ टक्के मुलांमध्ये हे आढळतं. वर्गात चाळीस मुलं असतील तर पाच जण. हे नाव २००१ मध्ये सुचवलं गेलं, त्यामुळे आपल्या आई-वडिलांनी ते ऐकलेलं नसणं साहजिक आहे.

त्याची खूण म्हणजे डाग ठळक कडेचे असतात आणि डावी-उजवीकडे सारखे नसतात. एक दात डागाळलेला, शेजारचा अगदी स्वच्छ.

फ्लोरोसिस वेगळा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात घडत असतानाच त्यावर परिणाम होतो. चंद्रपूर, यवतमाळ भागातल्या वाचकांना हे सांगायला नको. इथे पांढुरके पट्टे किंवा ढगाळ डाग दोन्ही बाजूंना सारखे, बऱ्याच दातांवर पसरलेले असतात, जास्त असेल तर तपकिरी. ॲमेलोजेनेसिस इम्परफेक्टा हा आनुवंशिक प्रकार आहे. त्यात बहुतेक सगळेच दात, अनेकदा दुधाचेसुद्धा, पातळ किंवा ठिसूळ असतात आणि घरात आणखी कुणाचे तरी तसेच असू शकतात. हा दुर्मीळ आहे.

ॲसिडने झालेली झीज हा चौथा प्रकार, आणि आपल्या वयात स्वतः ओढवून घेतलेला बहुधा हाच. रोज कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक, लिंबूपाणी घोटघोट पिणं, किंवा ॲसिडिटीमुळे वर येणारं आंबट पाणी. दात गुळगुळीत, चकचकीत होतात, दाढांवर छोट्या वाट्यांसारखे खड्डे पडतात. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली असेल तर डेंटिस्ट उलट्यांबद्दल विचारतात. कुणी वजनाच्या धास्तीने मुद्दाम उलट्या करत असेल तर त्यांच्यापासून लपवू नका, कारण ते थांबल्याशिवाय दातावरचा कोणताही उपाय टिकत नाही. आणि पाचवा, तारा काढल्यावर दिसणारे पांढरे डाग. जिथे ब्रॅकेट चिकटवलेला होता त्याच्या भोवती, कारण तिथे ब्रश पोचला नव्हता.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायलाच हवी. नऊ-दहा वर्षं मामी मुलीला ओरडत होती, "नीट घासत नाहीस, म्हणून दात असे झाले." आणि खरंच ती डावीकडची दाढ नीट घासत नव्हती. कारण ब्रश लागला की कळ यायची. सच्छिद्र इनॅमलमधून थंड-गरम थेट आत पोचतं, मुलं ती बाजू टाळतात, टाळल्यामुळे तिथे कीड लागते, आणि मग सगळ्यांना वाटतं की आळशीपणामुळेच सुरू झालं. त्यात ही दाढ दुधाचा दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, त्यामुळे बऱ्याच घरांत ती दुधाचीच समजली जाते आणि "पडेल आपोआप" म्हणून सोडून दिली जाते. कॉलेजच्या ओपीडीतल्या मॅडमनी मामीला हे सांगितलं तेव्हा मामी काही बोलली नाही. बाहेर आल्यावर मुलीला म्हणाली, "चल, काहीतरी खाऊन घे."

अशा दाढांमध्ये आतली नस सतत चिडलेली असते, त्यामुळे भूल देण्याचं इंजेक्शनही कधी कधी कमी लागू पडतं. तुम्हाला आधी कधी इंजेक्शन देऊनही दुखलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. "नाटक करतेय" म्हणून गप्प बसू नका.

आधी दाढा, मग पुढचे दात

माझं मत स्पष्ट आहे. पुढचे दात सेल्फीत दिसतात म्हणून उपचार तिथून सुरू होतात, पण चावण्याचा भार दाढांवर येतो आणि आधी हातची जाते ती दाढ.

सगळ्यात सौम्य उपाय फ्लोराइड व्हर्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइड असलेला चिकट लेप, म्हणजे २२,६०० पीपीएम फ्लोराइड. आपल्या टूथपेस्टमध्ये १००० च्या आत असतं, यावरून तुलना करा. दोन मिनिटांत ब्रशने लावतात, लाळेने घट्ट होतो, त्या दिवशी काही तास गरम आणि कडक खायचं नाही. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. सुई नाही, ड्रिल नाही. कमजोर इनॅमलच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत कळ कमी करायला आणि कीड रोखायला हाच पहिला टप्पा असतो.

दाढेवर खाचा असतील पण तुटलेली नसेल तर त्या बुजवून टाकतात, याला सीलंट म्हणतात. थोडी तुटली असेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, थोडा ओलावा चालतो, आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. ताकदीला कमी, म्हणून अनेकदा ते तात्पुरतं आणि नंतर त्यावर कॉम्पोझिट. कीड लागलेल्या दाढेवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचे थेंबही वापरतात. कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते, हे माहीत असलेलं बरं.

आणि मग स्टीलची कॅप. हिचं नाव काढलं की मुलं तोंड वाकडं करतात. तयार मापांत मिळते, दात फारसा तासावा लागत नाही, बहुधा एका बैठकीत बसते, आणि सिरॅमिकच्या कॅपपेक्षा बरीच स्वस्त. चंदेरी दिसते खरी, पण पहिली कायमची दाढ इतकी मागे असते की तुम्ही जांभई दिल्याशिवाय कुणाला दिसत नाही. कमजोर दाढ तुटत जाण्यापासून वाचवायला हा फार भरवशाचा उपाय आहे. हाड आणि हिरड्या पक्क्या झाल्यावर, विशीत, ती काढून दाताच्या रंगाची कॅप बसवता येते. म्हणजे हा एक पॅच आहे, पण बरीच वर्षं चालणारा पॅच.

दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर काढण्याचाही पर्याय येतो. ८ ते १० वर्षांच्या वयात काढली तर मागची दाढ पुढे सरकून जागा भरण्याची शक्यता असते. पंधरा-सोळाव्या वर्षी ती संधी सहसा गेलेली असते, त्यामुळे तारा लावणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला विचारल्याशिवाय "काढून टाकू" ला हो म्हणू नका.

डाग पांढरा का दिसतो? वडापावच्या कागदाची गोष्ट

आता पुढचे दात. इथे मला सगळ्यात आवडलेली टेक्नॉलॉजी आहे, म्हणून जरा जास्त लिहितो.

गरम वडा वर्तमानपत्रात गुंडाळला की कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो, पलीकडची अक्षरं दिसायला लागतात. का? कागदात तंतूंच्या मध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांचा अपवर्तनांक वेगळा (दहावीचा धडा आठवा), त्यामुळे प्रकाश प्रत्येक सीमेवर वळतो, विखुरतो आणि कागद पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेल हवेची जागा घेतं, तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या जवळ, प्रकाश कमी विखुरतो, कागद आरपार दिसतो.

दातावरचा पांढरा डाग अगदी असाच. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२. खनिज निघून गेलं की सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यात पाणी असेल तर १.३३, हवा असेल तर १. फरक जितका मोठा तितका डाग ठळक. म्हणूनच दात कोरडा केला की डाग जास्त पांढरा दिसतो आणि ओला असताना फिका. डेंटिस्ट हवेचा फवारा मारून दात सुकवून बघतात ते यासाठीच. कोरडा केल्यावरच दिसणारा डाग सहसा उथळ, ओला असतानाही उठून दिसणारा जास्त खोल.

मग कुणाला तरी सुचलं की या पोकळ्यांत तेलासारखं काहीतरी भरावं. या पद्धतीला रेझिन इन्फिल्ट्रेशन म्हणतात. जर्मनीच्या डीएमजी कंपनीचं आयकॉन हे त्यातलं माहितीतलं नाव. हिरडीवर रबराचा पातळ पडदा लावून दात वेगळा करतात, १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडने वरचा घट्ट थर दोन मिनिटं उघडतात, अल्कोहोलने सुकवतात, आणि पाण्यासारखं पातळ रेझिन सोडतात. ते केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, पोकळ्यांत शिरतं. मग निळ्या प्रकाशाने पक्कं करतात. रेझिनचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, इनॅमलच्या जवळ, त्यामुळे डाग शेजारच्या दातात मिसळून जातो. ड्रिल नाही, भूल सहसा नाही. ॲसिडचं नाव ऐकून दचकायला होतं, म्हणून सांगतो, जातो तो थर मिलिमीटरच्या छोट्या भागाइतका असतो. पण हेच ॲसिड घरी लावण्याचा प्रयोग करू नका.

मर्यादा आहेत. तारा काढल्यानंतरच्या पांढऱ्या डागांवर हे छान चालतं. फ्लोरोसिसच्या फिक्या डागांवरही बऱ्यापैकी. एमआयएचचे पिवळे-तपकिरी डाग मात्र खोल असतात आणि रेझिन तिथपर्यंत पोचेलच असं नाही. मग डाग फिका होतो, जात नाही.

दुसरा पर्याय मायक्रोअब्रेजन, म्हणजे सौम्य ॲसिड आणि बारीक पूड लावून वरचा अगदी पातळ थर घासून काढणं. वरवरच्या तपकिरी डागांना ठीक. ब्लीचिंगने डाग जात नाही, आजूबाजूचा दात उजळून फरक कमी दिसतो, पण सच्छिद्र इनॅमलवर कळ भयंकर वाढू शकते. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली दात उजळवायची उत्पादनं १८ वर्षांखालच्या मुलांवर वापरायला मनाई आहे. ऑनलाइन मिळणारा निळा लाइट आणि जेलचा किट कार्टमध्ये टाकण्याआधी हे आठवा.

दात तुटलेला किंवा डाग खोल असेल तर कॉम्पोझिट. दाताच्या रंगाचं रेझिन थरावर थर लावून डॉक्टर हाताने आकार देतात. ते चिरफळतं, काही वर्षांत पिवळं पडतं, पॉलिश किंवा दुरुस्ती लागते. ही त्याची खोट वाटते, पण सोळाव्या वर्षी मला तोच फायदा वाटतो. भर घातलेली असते, त्यामुळे पुढे ती काढून दुसरं काही करता येतं.

व्हेनिअर: नको असं नाही, आत्ता नको

व्हेनिअर म्हणजे सिरॅमिकचं पातळ कवच, दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेलं. फोनच्या स्क्रीनगार्डसारखं वाटतं ना? फरक असा की स्क्रीनगार्ड लावण्यासाठी कुणी मूळ काच तासत नाही. नेहमीच्या पद्धतीत व्हेनिअरसाठी दाताचा ०.३ ते ०.७ मिलिमीटर भाग काढतात. ज्याच्याकडे मुळात इनॅमलची चणचण, त्याच्याकडूनच वसुली.

किशोरवयात थांबायला सांगण्याची कारणं मात्र याहून पक्की आहेत. एक, हिरडीची रेषा अजून सरकत असते. आज कवचाची कड हिरडीखाली लपली तरी दोन-तीन वर्षांत ती उघडी पडते. दोन, कोवळ्या दातातला नसेचा कप्पा मोठा असतो, तासताना तो जवळ येतो. तीन, सच्छिद्र इनॅमलला चिकटवलेली गोष्ट निरोगी इनॅमलइतकी घट्ट धरत नाही. आणि चौथं साधं गणित. एक व्हेनिअर साधारण १० ते १५ वर्षं टिकतं. सोळाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीपर्यंत तीन-चार वेळा बदलावं लागेल, आणि दर वेळी दाताचा थोडा भाग जाईल. ईएमआय बारा महिन्यांत संपतो, हे संपत नाही.

अपवाद आहे आणि तो सांगायला हवा. ॲमेलोजेनेसिस इम्परफेक्टामध्ये दात भराभर झिजत असतील तर पूर्ण कॅप किंवा कवच किशोरवयातही लागू शकतात. तिथे हा सुंदर दिसण्याचा खर्च नसून दात वाचवण्याचा असतो. पण मग तो निर्णय एका डॉक्टरने दहा मिनिटांत घ्यायचा नसतो.

घरी काय, आणि रील्सवालं काय

टूथपेस्टचा बॉक्स उलटा करून वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमच्या वर फ्लोराइड घालता येत नाही, आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. पीपीएमचा उल्लेखच नसेल तर बहुधा त्यात फ्लोराइड नाही, हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्ट अशाच असतात. घासून झालं की फक्त थुंका, लगेच पाण्याने खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. मला हे अठ्ठावीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या गावच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त, मग पेस्टपण?" असा प्रश्न विदर्भातल्या मित्राने विचारला. पुढच्या दातांवरचा फ्लोरोसिस ते घडत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत होतो. पंधराव्या वर्षी थुंकून टाकलेल्या पेस्टने तो होत नाही. पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण तो हाडांचाही आहे. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. आरओ फिल्टरने कमी होतं.

दुधातल्या केसिनपासून बनवलेली सीपीपी-एसीपी क्रीम मिळते, मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधनातून आलेली. ती कॅल्शियम-फॉस्फेट दातापाशी धरून ठेवते. कळ कमी करायला अनेक डॉक्टर देतात. दुधाची ॲलर्जी असेल तर चालत नाही. नॅनो हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या पेस्ट जपानमध्ये १९८० च्या दशकापासून आहेत, आता आपल्याकडेही जाहिराती दिसतात. वाईट नाहीत, पण फ्लोराइड सोडून फक्त त्याच वापरा असं मी म्हणणार नाही. कळ शमवायला ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्ट असतात, त्यांना दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

रील्समधलं लिंबू आणि बेकिंग सोडा, कोळशाची पावडर, मीठ-हळद घासणं, हे सगळं कमजोर इनॅमलवर सँडपेपर आहे. लिंबाचा पीएच २ ते २.५. चिंच-कैरी खाल्ल्यावर "दात आंबले" असं आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलोय, ते हेच. कैरी सोडा असं म्हणत नाही, जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळत बसू नका, नंतर पाणी प्या आणि अर्धा तास ब्रश करू नका. कोल्ड्रिंकचंही तसंच. एक ग्लास पाच मिनिटांत संपवणं हे तीच बाटली गेमिंग करताना तीन तास घोटघोट पिण्यापेक्षा दाताला परवडतं.

दाढेला कळ येत असेल तर ब्रश मऊ घ्या आणि कोमट पाण्यात भिजवा. एवढ्यानेच मामेबहिणीची ती डावी बाजू ब्रशच्या टप्प्यात आली.

फोनचा एक चांगला उपयोग आहे. तीन महिन्यांनी एकदा, त्याच खिडकीत, त्याच वेळी, मागच्या कॅमेऱ्याने, ब्युटी मोड बंद करून, ओठ बाजूला ओढून दातांचे फोटो काढा. एक ओले दात, एक टिश्यूने कोरडे करून. वेगळा अल्बम ठेवा. डाग वाढतोय की तसाच आहे हे आठवणीवर सोडण्यापेक्षा डॉक्टरांना हे दाखवता येतं.

दुसरं मत कुठे घ्यायचं

अठराखालच्या मुलांसाठी लहान मुलांचे डेंटिस्ट, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, हे योग्य ठिकाण. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे हा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांग असते, एक दिवस धरून जा. विचारायचं एवढंच: हे नेमकं कोणत्या प्रकारचं इनॅमल आहे? या उपायात माझा किती दात काढला जाणार? आणि दोन वर्षं थांबलो तर काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असेल तर थांबा. "दाढ जाईल" असेल तर आजच करा. आम्हाला एकाच खुर्चीत दोन्ही उत्तरं मिळाली, पुढच्या दातांचं पहिलं आणि दाढांचं दुसरं.

मामेबहिणीच्या एका दाढेवर स्टीलची कॅप बसली, दुसरीत ग्लास आयोनोमर आणि वरून कॉम्पोझिट. पुढच्या एका दातावर रेझिन इन्फिल्ट्रेशन केलं, दुसऱ्याचा कोपरा कॉम्पोझिटने भरला. पहिल्याचा डाग पूर्ण गेला नाही. ट्यूबलाइटखाली वाकून पाहिलं तर दिसतो. तिने ते मला स्वतःच दाखवलं, ओठ वर करून, आणि म्हणाली की एवढा चालेल. व्हेनिअरचं विशीनंतर बघू, असं डॉक्टरांनी फाइलवर लिहून ठेवलंय.

या मे महिन्यात तिने दोन्ही बाजूंनी चावून बर्फाचा गोळा खाल्ला. कालाखट्टा, म्हणजे बर्फाबरोबर आंबटही. मी पीएच सांगायला तोंड उघडलं, तर तिने आधी पाण्याची बाटली दाखवली. पुढचं व्हर्निश ऑगस्टमध्ये आहे, रिमाइंडर तिच्या फोनमध्ये लावलाय आणि एक मामीच्याही.